शंका काढणाऱ्या लेकराला बळ द्या



निरवांगी, निमसाखर, खोरोची या आपल्या नीराकाठच्या गावांत मुलांच्या पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला की ठरलेली नावं पुढे येतात. पोलीस भरती, एमपीएससी, बँकेची परीक्षा, इंजिनिअरिंग, नर्सिंग आणि काहीच जमलं नाही तर बारामतीची एमआयडीसी. यातलं एकही काम कमी प्रतीचं नाही. पण एक क्षेत्र असं आहे की त्याचं नाव आपल्या घरांत कुणी काढत नाही. कंपन्यांमध्ये त्याला 'रिस्क मॅनेजमेंट' म्हणतात, म्हणजे जोखीम व्यवस्थापन. मी याच पट्ट्यातली, शिक्षण बारामतीला झालं आणि आता पुण्यात याच खात्यात नोकरी करते. गावी आले की एखादी मावशी, एखादे काका हटकून विचारतात, "तू कंपनीत नक्की करतेस तरी काय गं?" उभ्या उभ्या दिलेल्या उत्तरानं त्यांचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही. म्हणून आज जरा निवांत बोलूया. तुमच्या मुला-मुलीसाठी हे क्षेत्र आहे का, त्यासाठी काय लागतं आणि त्यात तुमचा वाटा कोणता, एवढं सांगते.

आधी कामच जवळून पाहू. ऊस वाहतुकीसाठी ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून एखादा शेतकरी फायनान्स कंपनीकडे अर्ज करतो. शाखेतला माणूस सातबारा, आठ-अ, सोसायटीचा दाखला, कारखान्याशी झालेला वाहतुकीचा करार, बँकेचं स्टेटमेंट आणि सिबिल स्कोअर गोळा करून फाईल पुण्याला पाठवतो. त्याच्यावर महिन्याच्या टार्गेटचं ओझं असतं, त्यामुळे कर्ज लवकर मंजूर व्हावं हीच त्याची इच्छा. पुण्यातला क्रेडिट ॲनालिस्ट ती फाईल उघडतो तेव्हा त्याचे प्रश्न वेगळे असतात. करार एका हंगामाचा आणि हप्ते पाच वर्षांचे, मग मधल्या वर्षी कारखाना उशिरा चालू झाला तर? टोळीसाठी मुकादमाला दिलेली उचल बुडाली तर? स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला एक ठरावीक रक्कम बाहेर जाते आहे, ते दुसऱ्या कुठल्या कर्जाचे हप्ते तर नाहीत? आणि अर्जदाराच्या घरात दूध आहे का, म्हणजे ऊसबिल लांबलं तरी चार पैसे येत राहतील का? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की तो ठरवतो, कर्ज द्यायचं का, किती द्यायचं, हप्ता महिन्याचा ठेवायचा की हंगामाचा.

त्याच इमारतीत आणखी एक माणूस बसलेला असतो. त्याला एका ट्रॅक्टरशी कर्तव्य नसतं. इंदापूर, माळशिरस, करमाळा, दौंड अशा तालुक्यांत कंपनीनं दिलेली सगळी कर्जं तो एकत्र पाहतो. २०२३च्या पावसाळ्यात उजनी पूर्ण भरलं नाही आणि २०२४च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ्यात गेलं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पाणी नसलं की उसाची लागण कमी होते, गाळपाचे दिवस घटतात, वाहतुकीच्या खेपा घटतात आणि शेवटी हप्ता थकतो. ही साखळी पूर्ण व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. हप्ता थकल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो. धरणाचा आकडा पाहून आधीच सांगावं लागतं की या पट्ट्यात नवी कर्जं जपून द्या, बुडीत कर्जांसाठीची तरतूद वाढवा, ज्यांची नियत चांगली आहे त्यांचे हप्ते ऊसबिलाच्या तारखांशी जुळवून द्या. हे सांगणाऱ्या माणसाला पगार मिळतो तो याच नजरेचा.

ही नजर आपल्याकडे नवी नाही. फाट्याला पाणी टेलपर्यंत कधी पोहोचेल याचा भरवसा नसतो म्हणून आपली माणसं सगळं रान उसाखाली घालत नाहीत. थोडा मका, थोडं डाळिंब, दावणीला दोन गाई ठेवतात. मोठ्या कंपनीत हेच काम आकड्यांनी, नियमांनी आणि लेखी कागदावर होतं.

कर्ज हा त्याचा एक भाग झाला. शेअर, व्याजदर, डॉलरचा भाव यांच्या चढउतारांनी होणारं नुकसान मोजणं ही बाजारातली जोखीम. माणसांच्या चुका, अफरातफर, बिघडलेली यंत्रणा ही कामकाजातली जोखीम. संगणकावरचे हल्ले म्हणजे सायबर जोखीम. शिवाय कायदा मोडल्याचा दंड, कच्चा माल वेळेवर न येणं, कारखान्यातली आग, पूर, साथीचे आजार. बँक आणि विमा कंपनीत तर हे खातं असतंच. आता औषध कंपन्या, गाड्यांचे कारखाने, सॉफ्टवेअर कंपन्या, अन्नप्रक्रिया उद्योग या सगळ्यांनाच ते लागतं. द्राक्षवाल्यांना २०१० साल आठवत असेल. त्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश सापडला आणि माल अडकला. शेतकऱ्यानं फवारलेल्या एका रसायनानं निर्यातदार, बँका आणि बागाईतदार सगळेच हादरले. युरोपातल्या मर्यादा कोणत्या, त्या केव्हा बदलतात, कुठल्या तपासणीतून काय निसटू शकतं यावर लक्ष ठेवणं हे सुद्धा आज पगारी काम आहे. कृषी पदवीधर मुलांनीही हे ध्यानात घ्यावं.

आता मोठ्या संस्थांचं काय होतं ते पाहू, म्हणजे या माणसांची गरज का पडते ते कळेल. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला. ११ ऑगस्टला, शनिवारी, देशोदेशीच्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघू लागले. एरवी एटीएममधून पैसे काढताना यंत्र बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतं, खात्यात शिल्लक आहे का? हल्लेखोरांनी मध्येच खोटी यंत्रणा बसवली आणि तीच परस्पर 'होय' म्हणत राहिली. २८ देशांतून पैसे काढले गेले. १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. शंभर वर्षांहून जुनी, चांगली चाललेली बँक होती. चोर तिजोरीपर्यंत आलाच नाही, तो शनिवार-रविवार गाठून तारेतून आला. 'सुट्टीच्या दिवशी परदेशातून अचानक हजारो व्यवहार आले तर ते आपोआप थांबतील का?' हा प्रश्न आधी विचारून त्याचं उत्तर यंत्रणेत बसवून ठेवणं, हे सायबर रिस्कवाल्याचं काम.

दुसरी गोष्ट मुंबईची. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेनं तिच्यावर निर्बंध घातले आणि खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असं सांगितलं. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्यानं वाढली, पण त्या पहिल्या दिवसांत बँकेच्या दारात रडणारी म्हातारी माणसं आपण टीव्हीवर पाहिली. कारण काय? बँकेनं वाटलेल्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकली होती आणि ती लपवायला हजारो खोटी खाती दाखवली होती. एवढं सगळं घडेपर्यंत बँकेतल्या कुणालाच काही दिसलं नसेल असं मला वाटत नाही. दिसलं असेल, पण वरच्याला विचारायची कुणाची छाती झाली नाही, किंवा विचारलं तर ते दाबलं गेलं. आपल्या पुण्याच्या रुपी बँकेचे खातेदार २०१३ पासून निर्बंधांखाली ताटकळले आणि २०२२ मध्ये त्या बँकेचा परवानाच रद्द झाला. लग्नासाठी, आजारपणासाठी ठेवलेला पैसा अडकल्यावर घरावर काय वेळ येते, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

अशा ठेचा खाऊनच कायदे आले. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे संचालक मंडळाला आपल्या वार्षिक अहवालात जोखीम धोरणाबद्दल लेखी सांगावं लागतं. शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानं पहिल्या १,००० कंपन्यांना २०२१ पासून सेबी या बाजार नियामकाच्या नियमानुसार स्वतंत्र जोखीम व्यवस्थापन समिती ठेवावी लागते आणि तिची वर्षातून किमान दोनदा बैठक घ्यावी लागते. मे २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ५,००० कोटींहून अधिक मालमत्तेच्या फायनान्स कंपन्यांना 'चीफ रिस्क ऑफिसर' नेमणं बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तेवढ्या मोठ्या नागरी सहकारी बँकांनाही ते लागू झालं. फायनान्स कंपन्यांसाठीच्या त्या आदेशातली एक ओळ मला फार मोलाची वाटते. या अधिकाऱ्याला धंद्याचं टार्गेट द्यायचं नाही. कर्ज वाटणाऱ्याच्या हाताखाली त्याला ठेवायचं नाही आणि दुसरं पदही त्याच्या गळ्यात घालायचं नाही. म्हणजे 'थांबा, इथे धोका आहे' असं निर्भयपणे म्हणता यावं म्हणून देशाच्या मध्यवर्ती बँकेनं एका खुर्चीला संरक्षण दिलं. कायद्यानं जागा निर्माण झाल्या की त्या भराव्याच लागतात, आणि एका अधिकाऱ्याच्या हाताखाली विश्लेषकांची फळी उभी करावी लागते. संधी म्हणतात ती इथून येते.

मग या खुर्च्यांवर बसायला कसं मूल लागतं? माझं उत्तर सरळ आहे. शंका काढणारं.

मागे गावातले एक दादा मला म्हणाले, "ताई, माझी पोरगी हिशोबात लई हुशार, पण तोंडाची फटकळ. घरातल्या दर व्यवहारात शंका काढती. परवा पाव्हण्यांसमोर म्हणली, जामीन राहताय खरं, पण त्यांनी हप्ता नाही भरला तर आपण कुठनं भरायचा? मला मान खाली घालावी लागली." मी त्यांना विचारलं, "पण दादा, तिचा प्रश्न चुकीचा होता का?" ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "प्रश्न बरोबर होता, जागा चुकली." तिला जागा दाखवा, दादा. कुणासमोर, कोणत्या शब्दांत, कोणत्या वेळी बोलावं हे शिकवता येतं. शंका सुचणं शिकवता येत नाही. लाखो रुपये पगार घेणारे मोठे अधिकारी भरल्या बैठकीत जो प्रश्न गिळून बसतात, तो त्या मुलीनं सतराव्या वर्षी घरात विचारला.

आपल्या घरांत अशा लेकराला आपण काय म्हणतो? "मोठ्यांच्यात बोलू नको." "तुला काय कळतंय?" "सारखा अपशकुन कशाला करतीस?" ही वाक्यं आपण वाईट मनानं म्हणत नाही, आपल्याही आई-वडिलांनी आपल्याला हेच सांगितलं. पण दहा-बारा वर्षं हे ऐकलेलं मूल मुलाखतीला बसतं, समोरचा विचारतो, "या योजनेत तुला काय खटकतं?" आणि ते म्हणतं, "काही नाही सर, सगळं छान आहे." तिथंच त्याची संधी जाते. आपल्या भागातली मुलं गणितात कमी पडत नाहीत, कष्टात तर नाहीच नाही. ती कमी पडतात ती बोलण्याच्या धिटाईत, आणि ती धिटाई शाळेच्या आधी घरात घडते.

धिटाईबरोबर आणखी काय लागतं, तेही पाहू. आकड्यांशी मैत्री लागते, विशेषतः संख्याशास्त्राशी. एक्सेल सराईतपणे वापरता यावं लागतं. पुढे डेटा काढायला एसक्यूएल आणि विश्लेषणाला पायथॉन शिकावं लागतं. कंटाळा न करता लांबलचक नियम वाचायची सवय लागते. इंग्रजीत दोन पानांचा स्वच्छ अहवाल लिहिता यावा लागतो. फाडफाड बोलता आलं नाही तरी चालतं, लिहिलेलं मात्र चोख लागतं. आणि चारित्र्य लागतं. फायनान्स क्षेत्रातल्या कंपन्या नोकरी देण्याआधी कागदपत्रं, आधीची नोकरी, पोलीस नोंदी तपासतात. बँका भरतीच्या वेळी उमेदवाराचा कर्जफेडीचा इतिहासही पाहतात. म्हणून हात जोडून एक सांगते. मुलगा अठराचा झाला म्हणून त्याच्या नावावर मोबाईल, गाडी, ट्रॅक्टरची कर्जं काढू नका, त्याला कुणाचा जामीनदार करू नका आणि मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपपासून त्याला लांब ठेवा. थकलेल्या हप्त्याचा डाग वर्षानुवर्षं पुसत नाही.

आता शिक्षणाच्या वाटा. पहिली निवड अकरावीतच होते. कॉमर्सला गेलेली आपली बरीच मुलं गणित नको म्हणून त्याऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे एस.पी., घेतात. एस.पी. सोपं जातं, टक्के वाढतात, हे खरं. पण गणित सुटलं की पुढची अनेक दारं जड होतात. या क्षेत्राचा विचार असेल तर अकरावीला गणित सोडू देऊ नका. टक्के दोन-चारांनी कमी पडले तरी चालतील.

बारावीनंतर बी.कॉम., बी.बी.ए., अर्थशास्त्रातली बी.ए., इंजिनिअरिंग, संगणकशास्त्र किंवा बी.एस्सी. संख्याशास्त्र, यातल्या कुठल्याही पदवीतून इकडे येता येतं. संख्याशास्त्राकडे आपण फार कमी बघतो. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात, आपल्या टी.सी. कॉलेजात, हा विषय शिकवला जातो. पहिल्याच वर्षी पुण्यात खोली करून राहायची गरज नाही; पाया इथेच पक्का होतो.

पदवीबरोबर किंवा पदवीनंतर वाटा फुटतात. सी.ए. ही जुनी, खात्रीची वाट आहे. त्यातून अंतर्गत लेखापरीक्षण आणि मग रिस्क असं अनेक जण येतात. आकड्यांत खरोखर रमणाऱ्या मुलासाठी ॲक्च्युअरीची वाट आहे. विम्याचा हप्ता किती असावा, पेन्शनसाठी आज किती पैसा बाजूला ठेवावा हे ठरवणारे हे लोक. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाची 'एसेट' ही प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते. पुढच्या परीक्षा अवघड असतात, वर्षं लागतात, पण नोकरी करता करता त्या देता येतात. 'एफआरएम' हे वित्तीय जोखीम व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र दोन भागांच्या परीक्षेनंतर मिळतं आणि ते पूर्ण होण्यासाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभवही दाखवावा लागतो. संगणकाच्या मुलांना संगणक यंत्रणांच्या लेखापरीक्षणाचं 'सिसा' आणि त्यांच्या जोखमीचं 'क्रिस्क' ही प्रमाणपत्रं उपयोगी पडतात. बँकेत लागलेल्या मुलांना इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या जेएआयआयबी, सीएआयआयबी या परीक्षा आहेत. विम्यासाठी मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परीक्षा आहेत. त्यांचा खर्च तुलनेनं बेताचा आहे.

पदव्युत्तर शिक्षणासाठी तर पुणं आपल्या दाराशी आहे. कोंढव्याची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बँक मॅनेजमेंट रिझर्व्ह बँकेच्या पुढाकारानं १९६९ मध्ये निघाली. बालेवाडीची नॅशनल इन्शुरन्स अकॅडमी १९८० ची. देशभरातली मुलं कॅट, सीमॅटसारख्या परीक्षा देऊन तिथे येतात आणि आपल्या तालुक्यातल्या मुलांना त्या संस्थांची नावंही ठाऊक नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नोकऱ्याही तिथेच आहेत. बँक ऑफ महाराष्ट्रचं मुख्यालय पुण्यात, बजाज समूहाच्या वित्त आणि विमा कंपन्या पुण्यात, बार्कलेज, डॉइश बँक, यूबीएस अशा परदेशी बँकांची मोठी कार्यालयं पुण्यात. लंडनच्या व्यवहारांची जोखीम आज खराडीत बसून मोजली जाते.

पहिली नोकरी लगेच 'रिस्क मॅनेजर' म्हणून मिळत नाही, हेही समजून घ्या. बहुधा ती ग्राहकांच्या कागदपत्रांची तपासणी, संशयास्पद व्यवहारांवर नजर, कर्जाच्या फाईलींची छाननी किंवा अंतर्गत लेखापरीक्षणातली मदत अशी असते. दिवसभर पडद्यासमोर बसून एकेक नोंद पडताळायची. दुसऱ्या देशाच्या वेळेप्रमाणे संध्याकाळची पाळीही असू शकते. "एवढं शिकून हेच का?" असं त्या वेळी मुलाला म्हणू नका. दोन-तीन वर्षं या नोंदी हाताखालून गेल्याशिवाय खोटी नोंद ओळखायची नजर येत नाही. त्यानंतर ॲनालिस्ट, मग सीनियर, मग व्यवस्थापक अशी पायरी चढता येते.

पैशाबद्दल स्पष्ट बोलते, कारण इथे फसवणूक फार होते. एफआरएमची परीक्षा फी डॉलरमध्ये असते आणि दोन्ही भागांची मिळून लाखाच्या पुढे जाते. त्यावर क्लासवाले वेगळे पैसे घेतात. बारावी झालेल्या मुलासाठी कुणी म्हणालं की एवढे लाख भरा, प्रमाणपत्र आणि नोकरी दोन्ही देतो, तर तिथून उठून या. एफआरएमला बसायला पदवीची अट नाही हे खरं, पण नोकरी देणारी कंपनी पदवी मागतेच. आधी पदवी, मग एखादी नोकरी किंवा इंटर्नशिप आणि मग स्वतःच्या कमाईतून प्रमाणपत्र हा क्रम घरासाठी सुरक्षित आहे. त्यासाठी जमीन विकू नका, सोनं गहाण टाकू नका. क्लासच्या फ्लेक्सवरचा पगाराचा आकडा वाचून निर्णय घेऊ नका. गेल्या वर्षी तिथून लागलेल्या दोन मुलांशी स्वतः फोनवर बोला, पहिल्या महिन्याला हातात किती आले ते विचारा. जोखमीचा अभ्यास शिकवायला निघालेल्या घरानं स्वतःची जोखीम न मोजता पैसे भरले, असं व्हायला नको.

मुलींच्या आई-बाबांना दोन शब्द वेगळे. "पुण्यात एकटी कशी राहील?" ही काळजी खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण हे काम बसून करायचं, डोक्याचं आणि मोठ्या कार्यालयातलं आहे. रात्रीच्या पाळीला कंपन्या घरापर्यंत गाडी देतात. नोकरी घेतानाच ते लेखी विचारून घ्या. शुल्काचा अडसर असेल तर चौकशी करा. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून राज्य सरकारनं केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला वेळेत काढला नाही म्हणून ही सवलत हुकते. तहसील कचेरीच्या त्या खेपा निकालानंतर नको, आधीच मारा. आणि लग्न ठरवायची घाई पदवीच्या शेवटच्या वर्षी करू नका. पहिल्या नोकरीची दोन वर्षं तिला मिळाली तर ती पुढे आयुष्यभर स्वतःच्या पायावर उभी राहते.

शेवटी घरात काय करता येईल ते सांगते. याला एक रुपयाही लागत नाही. घरात कर्जाचा कागद आला, विम्याची पॉलिसी आली, भिशीचा किंवा पतसंस्थेच्या जादा व्याजाचा प्रस्ताव आला की नववी-दहावीच्या मुलाला शेजारी बसवा. कागद त्याला मोठ्यानं वाचू द्या. मेडिक्लेममध्ये जुन्या आजारासाठी किती महिने थांबावं लागेल, कर्जाचा व्याजदर स्थिर आहे की बदलता, हप्ता चुकला तर दंड किती, हे त्याला शोधून काढू द्या. जादा व्याज देणाऱ्या ठेवीबद्दल त्याला एकच प्रश्न विचारा, "हे एवढं व्याज देतात ते कुठून?" आणि बँक बुडाली तर ठेव विम्यातून खातेदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंतच संरक्षण आहे, हे त्याला सांगा, ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पर्यंत १ लाखच होती. त्यानं काढलेली शंका चुकीची निघाली तरी रागावू नका, का चुकली ते समजावा. बरोबर निघाली तर चारचौघांत सांगा की हे आमच्या लेकराच्या लक्षात आलं. त्या एका वाक्यानं जेवढं बळ येतं तेवढं कुठल्याही क्लासनं येत नाही.

सगळी मुलं या क्षेत्रासाठी नसतात. ज्याला माणसांत मिसळायला, विकायला आवडतं त्याला इथे कोंडू नका. ज्याला मातीत रस आहे त्याला शेतीतच नवं काही करू द्या. पण तुमच्या घरात एखादं मूल असेल जे सामानाची यादी तपासतं, पंपावर मीटर शून्यावर आहे का बघतं, दुकानदाराचं बिल पुन्हा बेरीज करतं, आणि म्हणून सगळे त्याला चिकट किंवा किरकिरं म्हणतात, तर त्याला उद्यापासून तसं म्हणू नका. देशातल्या बँकांना, विमा कंपन्यांना, कारखान्यांना अशीच माणसं हवी आहेत, आणि ठेवीदारांना तर ती त्याहून जास्त हवी आहेत.

यंदा अकरावीचा फॉर्म भराल तेव्हा गणिताच्या रकान्यात खूण करायला विसरू नका. आणि काही विचारायचं असेल तर मी गावी आल्यावर जरूर भेटा. लेकरांना सोबत आणा, प्रश्न त्यांनाच विचारू द्या.